मीटरमावशींचा खटका

मीटरमावशींचं खरं नाव त्यांच्या भावाला आणि वहिनीला सोडलं तर फारसं कुणाला ठाऊक नव्हतं, आणि वहिनीसुद्धा ते फक्त रागावल्यावरच घ्यायच्या. बाकी सगळ्या वस्तीला त्या मीटरमावशी. लोकांच्या गळ्यात दोरीला चष्मा लोंबतो, तसा यांच्या गळ्यात पिवळा मल्टिमीटर लोंबायचा. कुणी म्हणालं, "मावशी, पंखा गेला, बहुतेक कपॅसिटर उडालाय," की यांचं उत्तर ठरलेलं. "आधी मीटर, मग मत."

अठ्ठावीस वर्षं त्या एकाच दुकानात विजेच्या मोटरी भरत होत्या. जळलेली मोटर आली की ती उघडायची, काळी पडलेली तांब्याची तार उपसून काढायची, वेढे मोजायचे आणि नव्या तारेचे नेमके तितकेच वेढे पुन्हा घालायचे. साडेतीनशे वेढ्यांत एक कमी पडला तरी मावशींच्या बोटांना कळायचं. दुकानाचे मालक गिऱ्हाइकाला सांगायचे, "ही बाई मोजत नाही, हिची बोटं मोजतात." मग दिवस असे आले, की जळलेली मोटर भरून घ्यायच्या ऐवजी लोक सरळ नवी आणायला लागले. दुकान बंद झालं. एकावन्नाव्या वर्षी मावशी पकड, पेचकस आणि मीटर घेऊन घरी बसल्या.

घरी तिघंच. मावशी, त्यांचा थोरला भाऊ म्हणजे दादा, आणि वहिनी. दादा वायरमन. आणि दादांचा धंदा नेमका त्याच सुमाराला तेजीत आला होता.

त्याचं असं झालं. तिथला उन्हाळा म्हणजे अंगाची लाही. लोकांनी थेट सोलरवर चालणारे एसी घ्यायला सुरुवात केली. गच्चीवर सहा पॅनल, त्यांची तार सरळ एसीच्या बाहेरच्या डब्यात. ऊन पडलं की एसी सुरू, ढग आला की त्याचाही वेग मंद. वीज गेली तरी त्याला सोयरसुतक नाही. चार महिने लोक खूश. पण उन्हाळा सरला की एसी मुका, आणि वर सहा पॅनल आठ महिने नुसती ऊन खात पडलेली. खाली घरातला इन्व्हर्टर मात्र विजेची वाट बघत उपाशी. मग लोकांना वाटायचं, तीच पॅनल इन्व्हर्टरला का जोडू नयेत? दिवसभराचे दिवे, पंखे, फ्रिज सगळं उन्हावर चालेल.

ते काम दादा करायचे. उन्हाळा संपला की गच्चीवर चढायचं, एसीच्या तारेतून पॅनलच्या पिना ओढून काढायच्या आणि इन्व्हर्टरच्या तारेत खोचायच्या. उन्हाळा आला की उलटं. दादा त्याला 'बदली' म्हणायचे. वर्षातून दोनदा बदल्यांचा सीझन. तीस घरांची पॅनल इकडून तिकडे, तिकडून इकडे. सरकारी साहेबाच्या होत नसतील एवढ्या बदल्या!

एकदा सीझनच्या तोंडावर दादा एका घराच्या गच्चीवर होते. भर दुपार. घरमालकानं खालून ओरडून सांगितलं, "बंद केलाय हो एसी!" त्या घरात एसी होते दोन. मालकानं बंद केला तो दिवाणखान्यातला. पॅनलवर चालत होता तो आतल्या खोलीतला. दादांनी पिन ओढली.

घरातल्या तारेतून येणारा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून तिथं ठिणगी उडाली तरी विझते. पॅनलच्या करंटचं तसं नसतं. तो शून्यावर येतच नाही. पिन ओढत जावी तशी ठिणगी लांबत जाते, तिचा जाळ होतो. तो जाळ दादांच्या उजव्या तळव्यावर आला. दादा धडपडून मागं पडले म्हणून वाचले.

तीन आठवडे इस्पितळात गेले. हात वाचला, पण दोन बोटं वळेनाशी झाली. पट्टीत गुंडाळलेला हात उशीवर ठेवून दादा छताकडे बघत पडायचे आणि एकच घोकायचे, "सीझन आलाय. लोक वाट बघताहेत."

शेवटी एक दिवस म्हणाले, "तू जा. तुला जमेल."

"मी जाईन," मावशी म्हणाल्या, "पण पिना ओढायला जाणार नाही."

"मग काय मंत्र म्हणणार आहेस?"

"खटका बसवणार आहे."

दादांनी तोंड फिरवलं. वायरमनकीत त्यांची तीस वर्षं गेली होती. खटक्यानं ही बदली होत नाही, हे त्यांचं ठाम मत होतं आणि ते अगदीच चुकीचंही नव्हतं. मावशींनी बाजारातून घरगुती खटका आणला. लाईट गेली की जनरेटरवर घ्यायला बसवतात तो. अंगणात दोन जुनी पॅनल मांडली, समोर हीटरची कॉइल लावली आणि भर उन्हात खटका इकडून तिकडे करायला लागल्या. पहिल्यांदा चर्रर्र. दुसऱ्यांदा धूर. तिसऱ्यांदा खटक्याचं अख्खं तोंड वितळून खाली ओघळलं. दादा खुर्चीत बसून बघत होते.

"म्हटलं होतं ना? खटक्यानं होत नाही."

"खटक्यानं होत नाही असं नाही, दादा. या खटक्यानं होत नाही."

मग मावशी त्या कामाच्या मागंच लागल्या. भंगारवाल्याकडे पडलेल्या जुन्या यंत्रांची पोटं उघडून बघितली. हातात भिंग आणि शब्दकोश घेऊन इंग्रजीतली माहितीपत्रकं अक्षर-अक्षर लावून वाचली. जेवतानाही ताटाशेजारी एखादं पत्रक असायचंच. वहिनी वैतागायच्या. "आमटी त्या कागदाला वाढू का तुला?" डीसीसाठी, म्हणजे पॅनलसारख्या शून्यावर न येणाऱ्या करंटसाठीच बनवलेला खटका वेगळा असतो, तो जाळ आतल्या आत तोडतो, हे त्यांना तिथं कळलं. दोन्ही तारा एकदम तुटल्या पाहिजेत, एकच तोडून भागत नाही, हेही कळलं. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे एसी आणि इन्व्हर्टर दोघांच्या मध्ये शून्य पाहिजे. खटका एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाताना शून्यावर थांबलाच पाहिजे, म्हणजे दोघं कधीही एकमेकांना भिडणार नाहीत.

"शून्यावर आणून शंभर मोजायचे," मावशींनी दादांना सांगितलं. "एसीच्या पोटात करंट साठलेला असतो, तो उतरायला वेळ द्यायचा."

"लोक शंभर मोजणार? अगं, लोक दहासुद्धा धड मोजत नाहीत."

हे मात्र मावशींना पटलं. दोन दिवस त्या डीसीचा नवा खटका आणून पत्र्याच्या डब्यात बसवत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी डब्याला लोखंडाची एक छोटी पट्टी बसवली. ती दुसऱ्या हातानं उचलल्याशिवाय खटका शून्याच्या पुढे जाईना. घाईत असलेल्या माणसाला दोन हात गुंतवावे लागले की त्याची घाई आपोआप निम्मी होते, हा त्यांचा हिशोब.

चाचणी वहिनींवर झाली. वहिनींना विजेची इतकी धास्ती, की घरातला बल्बही त्या लाकडी पाटावर उभ्या राहून बदलायच्या. मावशींचं म्हणणं, वहिनींना जमलं तर कुणालाही जमेल. वहिनींनी डोळे मिटून पट्टी उचलली, खटका फिरवला. काही झालं नाही. मग एक डोळा उघडून म्हणाल्या, "एवढंच?"

डब्यावर चित्रंही वहिनींनीच रंगवली. डावीकडे घर, उजवीकडे एसी, मधे मोठं लाल शून्य. घर झकास जमलं. एसी मात्र टाइपरायटरसारखा दिसत होता. दादा पहिल्यांदा खळखळून हसले, आणि त्या हसण्यात त्यांचा खटक्याला असलेला विरोध बराचसा वाहून गेला.

पुढच्या दोन वर्षांत एकवीस घरांत मावशींचे डबे लागले. प्रत्येक गच्चीवर चढून आधी पॅनलचा दाब, म्हणजे व्होल्टेज, मोजायचा, मग इन्व्हर्टरच्या पाठीवरची पाटी वाचायची आणि दोघांचं जमत असेल तरच पुढं जायचं, हा त्यांचा शिरस्ता. जमत नसेल तर तोंडावर सांगायच्या. काहींना राग यायचा. मावशींच्या चेहऱ्यावरची माशी हलायची नाही.

तिसऱ्या उन्हाळ्यात मात्र त्यांची खरी परीक्षा झाली, आणि तीही ज्या घरात डबा नव्हता अशा घरात.

त्या घरात एक म्हातारे मास्तर राहायचे. जन्मभर भूमिती शिकवलेली. त्यांच्या पत्नीला सगळे बाई म्हणत. बाईंची फुप्फुसं थकली होती. खोलीतल्या हवेतून प्राणवायू गाळून देणारं यंत्र त्यांना दिवसरात्र लागायचं. घरात मास्तर, बाई आणि सूनबाई. मुलगा नोकरीनिमित्त बाहेरगावी. गच्चीवर सहा पॅनल, थेट एसीला जोडलेली. इन्व्हर्टर होता, पण तो फक्त घरच्या विजेवर चार्ज व्हायचा.

ऐन उन्हाळ्यात वस्तीचा ट्रान्सफॉर्मर जळाला. वीज कचेरीनं सांगितलं, नवा यायला तीन-चार दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सूनबाईंचा फोन आला. आवाज कापत होता. "मावशी, इन्व्हर्टर शेवटच्या घटका मोजतोय. प्राणवायूचा एकच सिलिंडर आहे, दुसरा मिळत नाहीये. रुग्णवाहिकेला फोन केला, ते म्हणतात रुग्णालयातसुद्धा जनरेटरवर चाललंय, खाटा नाहीत. वर एवढं ऊन आहे, पण त्याचा आम्हाला उपयोग काय?"

"सिलिंडर आता लावून टाका," मावशी म्हणाल्या. "मी येते. तोपर्यंत कुणालाही कशाला हात लावू देऊ नका."

पण हात लागला होता. शेजारचे निवृत्त इंजिनिअर साहेब मदतीला धावून आले होते. साहेब मनानं फार चांगले, पण सगळं ज्ञान मोबाईलवरच्या व्हिडिओतून घ्यायचे, म्हणून वस्तीत त्यांना 'व्हिडिओसाहेब' म्हणत. मावशी पोचल्या तेव्हा साहेबांनी उन्हं वर यायच्या आधीच पॅनलच्या पिना सोडवून, तार जिन्यातून खाली आणून, तिची दोन टोकं इन्व्हर्टरच्या सोलर लिहिलेल्या भोकांजवळ नेली होती. बोटभर अंतर राहिलं होतं.

"थांबा!" मावशी दारातूनच ओरडल्या.

"अहो, सोपं आहे. मी कालच बघितलं."

"आधी मीटर." मावशींनी तारेची टोकं मीटरला लावली. आकडा साहेबांसमोर धरला. दोनशे शहाण्णव व्होल्ट. मग इन्व्हर्टर थोडा फिरवून त्याच्या पाठीवरच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. "वाचा साहेब. मला चष्मा लागतो."

साहेबांनी वाचलं. जास्तीत जास्त एकशे पंचेचाळीस. त्यांचा चेहरा उतरला.

"व्हिडिओत तर चालला होता."

"व्हिडिओतला इन्व्हर्टर वेगळा असणार. यात तुम्ही दुप्पट ओतणार होतात. गेला असता तो, आणि बॅटऱ्याही घेऊन गेला असता." मग त्यांचा पडलेला चेहरा बघून मावशी म्हणाल्या, "पिना ऊन चढायच्या आधी सोडवल्यात, हे मात्र शहाणपणाचं केलंत."

आतल्या खोलीत बाई उशांना टेकून बसल्या होत्या. सिलिंडरची नळी नाकाशी. खोली भट्टीसारखी तापलेली. श्वास घ्यायला खांदे वर जायचे. त्यांनी मावशींकडे बघून हात किंचित हलवला.

मावशी बाहेर ओट्यावर येऊन बसल्या. पॅनल दोन-दोनच्या जोड्यांत नव्यानं बांधली असती तर दाब या इन्व्हर्टरला झेपला असता. पण मग एसी चालला नसता, त्याला पूर्ण दाब लागतो. आणि या उकाड्यात नुसत्या प्राणवायूवर बाईंचं भागणार नव्हतं. म्हणजे पॅनल आहेत तशीच हवीत, आणि पाचशे व्होल्टपर्यंत घेणारा इन्व्हर्टर हवा. तसा एक त्यांच्या ओळखीचा होता. त्यांच्या स्वतःच्या घरात, खाटेशेजारी.

त्यांनी दादांना फोन लावला. "दादा, आपला इन्व्हर्टर बंद करून काढून ठेव. मी टेंपो पाठवते."

"वेडी झालीस का? आपल्याकडे लाईट आहे असं वाटतंय की काय तुला?"

"बाईंना लागतोय."

मग दादा म्हणाले, "आपल्या बॅटऱ्या जुन्या झाल्यात. त्यांच्या चालतील?"

"चालतील. दोन आहेत, मिळून चोवीस व्होल्टच्या."

तासाभरानं टेंपो आला. इन्व्हर्टर चादरीत गुंडाळलेला, आणि त्याला लहान पोरासारखा मांडीवर घेऊन दादा स्वतः आलेले. सोबत वहिनींनी दिलेला थर्मास आणि मावशींचा घरात तयार असलेला एक डबा. त्यावर टाइपरायटरसारखा एसी रंगवलेला.

मावशी कामाला लागल्या. पॅनलची तार डब्याच्या मधे, डावीकडून इन्व्हर्टरला, उजवीकडून एसीला. शेवटचं राहिलं तपासणं. तारांच्या उलट-सुलट बाजू नीट आहेत ना, ते बघणं. मावशींनी गळ्यातला मीटर काढला आणि दादांच्या गळ्यात घातला.

दादा गच्चीवर पडले होते त्या दिवसापासून त्यांनी पॅनलच्या तारेला हात लावला नव्हता. उजव्या हाताची दोन बोटं मीटरच्या सुयांवर वळेनात. त्यांनी सुया डाव्या हातात घेतल्या. साहेबांनी न सांगता डब्याचं झाकण धरून ठेवलं.

"दोनशे शहाण्णव," दादा म्हणाले. "बाजू बरोबर." आणि परत एकदा मोजलं. "बरोबरच आहे."

मावशींनी पट्टी उचलली, खटका घराच्या चित्राकडे नेला. इन्व्हर्टरचा पंखा घरघरला. प्राणवायूचं यंत्र आतून ठक्-फुस्स, ठक्-फुस्स करायला लागलं. सूनबाई दाराला टेकल्या आणि पदर तोंडाशी धरून रडल्या. सिलिंडर बंद करून रात्रीसाठी राखून ठेवला.

पण निम्मंच काम झालं होतं. पॅनल सहाच. एसी चालवायचा तर घर थांबवायचं, घर चालवायचं तर एसी. बॅटऱ्या सूर्य मावळल्यावर काही तास यंत्र ओढतील, तेही दिवसा पोटभर भरल्या तर. मावशींनी आकडे सांगितले, मास्तरांनी ते खडूनं भिंतीवर लिहिले. आखणी झाल्यावर दिसायला ते शाळेचं वेळापत्रकच झालं. आठ ते एक घर. एक ते तीन एसी, तेवढ्यात यंत्र बॅटरीवर. तीन ते सूर्यास्त पुन्हा घर. मास्तरांनी एक ते तीनच्या पुढं कंसात लिहिलं, 'मधली सुट्टी'. बाईंच्या ओठांवर कितीतरी वेळानं हसू आलं.

खटका फिरवायचं काम मास्तरांनी मागून घेतलं. शून्यावर शंभर मोजायचं काम बाईंनी. बोलायला दम नव्हता, म्हणून त्या बोटांची पेरं मोजायच्या आणि शंभर झाले की पलंगाच्या कडेला टिचकी मारायच्या. मास्तर खोलीच्या दारात पट्टीवर हात ठेवून त्या टिचकीची वाट बघत उभे. पहिल्या दिवशी दुपारी एसीचा गार झोत सुरू झाला तेव्हा बाईंचे खांदे हळूहळू खाली आले. बोटाला लावलेल्या यंत्रातला रक्तातल्या प्राणवायूचा आकडा ब्याण्णववर गेला. सूनबाईंनी तो सगळ्यांना वाचून दाखवला, आणि साहेबांनी आपल्या वहीत लिहून घेतला. आता व्हिडिओच्या जागी साहेबांच्या हातात वही आली होती.

तिसरा दिवस अवघड गेला. सकाळपासून धुळीचं झाकोळ. सूर्य दिसायचा, पण पितळेच्या तबकासारखा मळका. बॅटऱ्या रोजच्या निम्म्याच भरल्या. एक वाजला. उकाडा मात्र तसूभर कमी नव्हता. बाईंचा आकडा नव्वदवरून अठ्ठ्याऐंशीवर आला.

"मधली सुट्टी," मास्तर म्हणाले आणि खटक्याकडे निघाले.

"थांबा, मास्तर," साहेब म्हणाले, "आज बॅटरीत दम नाही. यंत्रच बंद पडलं तर?"

"मग काय उकडू देऊ तिला?" मास्तरांचा आवाज चढला. साठ वर्षांच्या संसारात त्यांचा आवाज त्या घरात फारसा चढला नसावा. सूनबाई चमकून त्यांच्याकडे बघत राहिल्या.

मावशी दोघांच्या मधून पुढं गेल्या. बॅटरीवर मीटर लावला, एसीच्या खोलीतला पारा बघितला, बाईंच्या बोटावरचा आकडा बघितला. कोणाची बाजू घेतली नाही. म्हणाल्या, "दोन्ही खरं आहे. म्हणून आज सुट्टी तुकड्यातुकड्यांत."

मग तो सगळा दुपारचा वेळ मावशी खटक्यापाशी स्टुलावर बसून होत्या. पंचवीस मिनिटं एसी, खोली गार करून घ्यायची. मग शून्य, शंभर, घर. बॅटरीत जरा जीव आला की पुन्हा शून्य, शंभर, एसी. सूनबाईंनी वहिनींनी फोनवर सांगितल्याप्रमाणे ओल्या चादरी खिडक्यांना लावल्या, खोलीत गारवा टिकावा म्हणून. दादा बॅटरीचे आकडे सांगत होते, साहेब वहीत वेळा टिपत होते, मास्तर बाईंचा हात धरून बसले होते. चार वेळा पॅनल इकडून तिकडे आणि तिकडून इकडे झाली. चौथ्या वेळी बाईंना मोजताना डुलकी लागली. टिचकी आली नाही. मावशी शून्यावरच थांबल्या. मास्तरांनी हळूच पलंगाच्या कडेला स्वतः टिचकी मारली.

बाईंचा आकडा पुन्हा एक्क्याण्णववर आला. त्या शांत झोपल्या होत्या. मावशी स्टुलावरून उठल्या तेव्हा त्यांचा गुडघा धरला होता, आणि मीटरच्या दोरीनं मानेवर लाल वळ उठला होता.

चौथ्या दिवशी दुपारी अडीचला वस्तीतून आरडाओरडा ऐकू आला. वीज आली होती. लोक टाळ्या वाजवत होते. मास्तरांच्या घरात कुणीच ओरडलं नाही. बाईंची झोप मोडली असती.

मावशींचा इन्व्हर्टर मास्तरांकडे नवा बसेपर्यंत तिथंच राहिला. पुढच्या बारा दिवसांत वीज सतरा वेळा आली-गेली, आणि दादा हातपंख्यानं वारा घेत अख्ख्या गल्लीला सांगत राहिले, "आमचा इन्व्हर्टर सध्या इस्पितळात आहे." एवढ्या अभिमानानं, की त्यांना उकडत होतं यावर कुणाचा विश्वास बसेना.

बाई पुढं दीड वर्ष जगल्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं त्यापेक्षा बरंच जास्त. त्या गेल्या तेव्हा मावशी स्मशानापर्यंत गेल्या. मास्तर एवढंच म्हणाले, "तुमच्यामुळं आम्हाला दीड वर्ष मिळालं हो." मावशींनी मान हलवली. "मोजत त्या होत्या," म्हणाल्या.

नंतर डब्यांची मागणी एवढी वाढली, की घरातल्या अंगणाचं कारखान्यासारखं झालं. दादा फोन घ्यायचे आणि पॅनल-इन्व्हर्टरचं जमतं का ते तपासायचे. साहेब रोज सकाळी वही घेऊन यायचे आणि गिऱ्हाइकांच्या इन्व्हर्टरच्या पाट्या वाचायचे, कारण त्यांचे डोळे चांगले होते. वहिनींनी एसीचं चित्र अखेर सुधारलं. पण लोक म्हणायला लागले, आम्हाला टाइपरायटरवालाच डबा हवा. वहिनींनी नाक मुरडलं, आणि जुनंच चित्र काढायला बसल्या.

मध्यंतरी एका व्यायामशाळेचा मालक आला. धिप्पाड गडी. "मावशी, तुमचा डबा लावायचाय. सगळे म्हणतात, लावाच."

मावशी त्याच्या गच्चीवर चढल्या. मीटर लावला. इकडेतिकडे बघितलं. "तुमचा एसी वर्षात किती महिने बंद असतो?"

"बंद? माणसं व्यायाम करतात इथं. बाराही महिने चालतो."

"मग तुम्हाला डब्याची गरज नाही."

"अहो, पण सगळे..."

"सगळ्यांचा एसी बंद पडतो, तुमचा पडत नाही. उगाच कशाला भिंत फोडायची?" मावशींनी पॅनलवर बोट फिरवलं. बोटाला करड्या धुळीचा थर आला. "हे दर आठवड्याला पुसा. सकाळी, गार असताना, साध्या पाण्यानं. उन्हात तापलेल्या काचेवर पाणी टाकू नका."

मालक जरासा हिरमुसला. पण त्यानं पुसून घेतलं, आणि त्याचा एसी दुपारीसुद्धा पूर्वीपेक्षा जोरात चालायला लागला. आठ दिवसांनी तो हे सांगायला मावशींच्या घरी आला. वहिनींनी त्याला बसवून चहा दिला. मावशी कुठल्यातरी दुसऱ्या गच्चीवर होत्या, आणि कधी येतील ते वहिनींनाही सांगता येईना.